परदेशी निवृत्तिवेतन खात्यांवरील कर (परभणी जिल्हा)

परदेशी निवृत्तिवेतन खात्यांवरील कर म्हणजे एका देशात नोकरी करताना उघडलेल्या निवृत्तिवेतन किंवा निवृत्तिनिधी खात्यावर, खातेदार दुसऱ्या देशात राहावयास गेल्यानंतर लागू होणारे प्राप्तिकराचे व माहिती जाहीर करण्याचे दायित्व होय. महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्याच्या संदर्भात हा प्रश्न दोन बाजूंनी उभा राहतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा आखाती देशांत नोकरी करून परत आलेल्यांची तिकडील खाती ही एक बाजू आहे. परभणीतच नोकरी करून निवृत्त झालेले आणि मुलांकडे परदेशी राहावयास गेलेले ज्येष्ठ नागरिक ही दुसरी बाजू आहे. दोन्ही बाजूंना कराच्या दरापेक्षा कराची वेळ अधिक अडचणीची ठरते. एक देश खात्यातील वाढीवर दरवर्षी कर मागतो, दुसरा पैसे काढताना मागतो, आणि खातेदाराच्या हाती रक्कम कधी येते याचा या दोहोंशी मेळ बसतोच असे नाही.

पार्श्वभूमी

परभणी जिल्हा मराठवाड्यात गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला असून २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, पालम आणि जिंतूर असे नऊ तालुके उरले. कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही येथील प्रमुख पिके आहेत. परभणी येथे १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. उच्च शिक्षण आणि नोकरी यांसाठी जिल्ह्यातील तरुण आधी पुणे, मुंबई, हैदराबाद येथे आणि तेथून परदेशी जातात. निवृत्तिवेतन खात्याचा प्रश्न मात्र परतीच्या वाटेवर, बऱ्याचदा वीस-पंचवीस वर्षांनी, समोर येतो.

‘परदेशी उत्पन्न’ ही कल्पना या जिल्ह्याला ऐतिहासिक दृष्ट्याही अपरिचित नाही. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. संस्थानाचे हाली सिक्का हे स्वतंत्र चलन होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा १९२२ चा प्राप्तिकर अधिनियम तेथे लागू नव्हता. मुंबई इलाख्यात नोकरी करून परभणीस परतलेल्या माणसाचे निवृत्तिवेतन त्या काळी करकायद्याच्या दृष्टीने एक सरहद्द ओलांडूनच घरी येत असे. हैदराबादसह ‘ब’ वर्गातील राज्यांना भारताचा प्राप्तिकर १ एप्रिल १९५० पासून लागू झाला आणि ही सरहद्द संपली. आजचा प्रश्न त्याच प्रकारचा आहे, अंतर तेवढे वाढले आहे.

निवासी दर्जा

भारताचा प्राप्तिकर नागरिकत्वावर नव्हे, तर निवासावर आधारलेला आहे. एखाद्या आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेली व्यक्ती त्या वर्षापुरती निवासी ठरते. वर्षात ६० दिवस आणि मागील चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेल्या व्यक्तीसही निवासी मानले जाते. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या आणि भेटीसाठी येणाऱ्या नागरिकांना या दुसऱ्या कसोटीत सवलती आहेत.

निवासी झाल्याबरोबर जगभरच्या उत्पन्नावर कर लागू होत नाही, ही परतणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब आहे. मागील दहा वर्षांपैकी नऊ वर्षे अनिवासी असलेली, अथवा मागील सात वर्षांत ७२९ किंवा त्याहून कमी दिवस भारतात राहिलेली व्यक्ती ‘निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेली’ समजली जाते. व्यवहारात या दर्जाला आरएनओआर म्हणतात. या काळात परदेशात उद्भवलेल्या व परदेशातच प्राप्त झालेल्या निवृत्तिवेतनावर भारतात कर नसतो. पंधरा वर्षे अमेरिकेत राहून फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीस परभणीस परतलेली, त्यापूर्वीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवसांहून कमी काळ भारतात आलेली व्यक्ती घेतली, तर २०२३-२४ साठी ती अनिवासी राहते. २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांत तिचा दर्जा आरएनओआर असतो. १ एप्रिल २०२६ पासून मात्र ती पूर्ण अर्थाने निवासी होते आणि खात्यातील वाढीचा हिशेब त्या दिवसापासून सुरू होतो.

या सवलतीत एक बारीक अट दडलेली आहे. उत्पन्नाची पहिली प्राप्ती भारतात झाली, तर ते आरएनओआर काळातही करपात्र ठरते. परदेशी संस्थेने निवृत्तिवेतन थेट परभणीतील बँक खात्यात जमा केले, तर कायद्याच्या दृष्टीने ती रक्कम भारतातच प्रथम मिळाली. तीच रक्कम आधी परदेशातील बँकेत जमा होऊन मग भारतात पाठविली गेली, तर तसे होत नाही. पैसे तेच आणि माणूसही तोच असतो, पण ती कोणत्या बँकेत प्रथम जमा झाली यावर कर ठरतो. सोयीसाठी भारतातील खाते क्रमांक कळवून मोकळे होणाऱ्याला याचा पत्ता उशिरा लागतो.

परदेशी खाते ठेवणे हे मुळात बेकायदेशीर आहे, असाही एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. विदेशी चलन व्यवस्थापन अधिनियम, १९९९ च्या कलम ६(४) नुसार, परदेशात राहत असताना मिळविलेली मालमत्ता भारतात परतल्यावरही बाळगता येते. खाते बंद करण्याची सक्ती नाही. सक्ती आहे ती ते जाहीर करण्याची.

वेळेचा विसंवाद

अमेरिकेतील ४०१(के) ही मालकामार्फत चालणारी निवृत्तिनिधी योजना आहे. तेथील करसंहितेच्या कलमाचा क्रमांक हेच तिचे नाव झाले आहे. पारंपरिक ४०१(के) आणि आयआरए या खात्यांत भरलेल्या रकमेवर व होणाऱ्या वाढीवर अमेरिका तत्काळ कर घेत नाही. पैसे काढताना कर घेते आणि वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांपूर्वी काढल्यास साधारणतः १० टक्के दंडात्मक कर वेगळा आकारते. ब्रिटनमधील खासगी निवृत्तिवेतन योजना व कॅनडातील आरआरएसपी यांची रचना तपशिलात भिन्न असली, तरी ‘कर शेवटी’ हे सूत्र समान आहे.

भारताच्या सर्वसाधारण नियमानुसार निवासी व्यक्तीचे उत्पन्न ज्या वर्षी उद्भवते त्या वर्षी करपात्र होते. खात्यात व्याज, लाभांश, नफा जमा होत राहतो. तो दरवर्षी उत्पन्न मानला, तर त्याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. सेलू येथे परतलेल्या एका अभियंत्याच्या ४०१(के) खात्यात २ लाख डॉलर आहेत. वर्षभरात त्यांत १६ हजार डॉलरची भर पडली. डॉलरचा भाव ८५ रुपये धरल्यास ही भर १३ लाख ६० हजार रुपये होते. इतर उत्पन्नामुळे तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकर सोडून ४ लाख ८ हजार रुपये कर निघतो. त्याच्या हाती त्या वर्षी एक रुपयाही आलेला नाही. कर भरण्यासाठी खात्यातून पैसे काढावेत, तर वय ५२, म्हणजे अमेरिकेचा कर आणि वर १० टक्के. न काढावेत, तर सेलूतील बचत मोडायची किंवा शेताचा तुकडा विकायचा.

यापुढची अडचण अधिक गंभीर आहे. पुढे दहा वर्षांनी पैसे काढताना अमेरिकेने कर घेतला, तर त्याची वजावट भारतात मिळावी अशी स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु परदेशी कराचे श्रेय संबंधित उत्पन्न भारतात ज्या वर्षी करास देऊ केले त्या वर्षात मिळते. भारतातील कर आधीच भरून झालेला असल्याने दहा वर्षांनंतरच्या परदेशी कराला जोडी उरत नाही. दुहेरी करटाळणी करार अस्तित्वात असूनही एकाच पैशावर दोनदा कर बसतो. अशा खात्यात साचणारी वाढ भारतीय कायद्यानुसार ‘उद्भवलेले उत्पन्न’ आहे की नाही, यावरही करतज्ज्ञांत मतभेद होते. त्या अनिश्चिततेमुळे काहींनी कर भरला, काहींनी भरला नाही.

कलम ८९ए

वित्त अधिनियम, २०२१ ने प्राप्तिकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम ८९ए घालून हा विसंवाद दूर करण्याचा प्रयत्न केला. एप्रिल २०२२ मध्ये नियम २१एएए आणि प्रपत्र १०-ईई अधिसूचित झाले. त्याच वेळी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा हे तीन देश या कलमाखाली अधिसूचित करण्यात आले. खातेदाराने हा पर्याय निवडल्यास अशा खात्यातील उत्पन्न भारतातही त्याच वर्षी करपात्र होते, ज्या वर्षी तो देश पैसे काढल्याबद्दल कर घेतो. दोन्ही कर एकाच वर्षात आले की श्रेयाचा प्रश्न सुटतो.

यासाठी खाते उघडताना व्यक्ती भारतात अनिवासी आणि त्या देशात निवासी असली पाहिजे. त्या देशाने खात्यातील उत्पन्नावर उद्भवताना कर न घेता काढताना घेतला पाहिजे. या दुसऱ्या अटीमुळे अमेरिकेतील रॉथ प्रकारची खाती व्याख्येत बसविणे कठीण जाते. त्यांत कर भरून झालेली रक्कम जमा होते आणि अटी पाळल्यास काढताना कर नसतो. तिकडे सर्वांत सवलतीचे मानले जाणारे खाते इकडे सर्वांत अडचणीचे ठरावे, हा या तरतुदीतील विरोधाभास आहे.

प्रपत्र १०-ईई मूळ विवरणपत्राच्या मुदतीच्या आत, ऑनलाइन भरावे लागते. लेखापरीक्षण लागू नसलेल्या व्यक्तींसाठी ही मुदत सर्वसाधारणपणे ३१ जुलै असते. पर्याय एखाद्याच खात्यापुरता निवडता येत नाही, सर्व पात्र खात्यांना तो एकत्र लागू होतो. एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. अनिवासी किंवा आरएनओआर असतानाच्या काळातील वाढ भारतात करपात्र नव्हती, म्हणून ती पुढे काढतानाही वगळली जाते. मात्र ती किती होती हे दाखविण्याचा भार खातेदारावरच येतो. पूर्ण निवासी झाल्याच्या तारखेचे खात्याचे शिल्लकपत्र जपून ठेवलेले नसेल, तर वीस वर्षांनंतर ते परदेशी कंपनीकडून मिळविणे सोपे नसते. या काळात कंपन्या विलीन होतात, खाती एकीकडून दुसरीकडे हलविली जातात, पासवर्ड विसरले जातात.

नियम २१एएए मधील सर्वांत कठोर तरतूद पुन्हा देशाबाहेर जाणाऱ्यांविषयी आहे. पर्याय निवडल्यानंतर व्यक्ती पुढे कधी अनिवासी झाली, तर तिने तो पर्याय कधीच निवडला नव्हता असे मानले जाते. पर्याय घेतल्यापासूनच्या वर्षांत खात्यात उद्भवलेले उत्पन्न तेव्हा करपात्र होते आणि त्यावरील कर विवरणपत्राच्या मुदतीत भरावा लागतो. साठीत परभणीस परतून पंच्याहत्तरीत आजारपणामुळे मुलीकडे न्यू जर्सीस राहावयास जाणे ही आज कल्पनातीत गोष्ट नाही. अशा माणसाला, वार्धक्याच्या ऐन अडचणीत, अनेक वर्षांच्या वाढीवरील कर एकदम भरण्याचा प्रसंग येऊ शकतो. परत न घेता येणारा पर्याय निवडताना तो पुढील वीस वर्षांच्या वास्तव्याचा अंदाज बांधत असतो, हे बहुधा त्याला कोणी सांगत नाही.

अधिसूचित देशांची यादी तीनवरच थांबलेली आहे. ऑस्ट्रेलियातील सुपरॲन्युएशन निधीच्या उत्पन्नावर निधीच्या पातळीवरच साधारण १५ टक्के कर लागतो, त्यामुळे ‘काढताना कर’ ही व्याख्या तेथे लागू पडत नाही. तात्पुरत्या व्हिसावर काम करून ऑस्ट्रेलिया कायमचे सोडणाऱ्यांना निधी काढून घेता येतो. त्या रकमेच्या करपात्र भागावर सर्वसाधारणपणे ३५ टक्के कर कापला जातो. आखाती देशांत परदेशी कामगारांना सहसा निवृत्तिवेतन नसते. संयुक्त अरब अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे व त्यापुढे ३० दिवसांचे मूळ वेतन या हिशेबाने सेवासमाप्तीची रक्कम मिळते. ही रक्कम अनिवासी असतानाच तिकडे हातात पडली, तर भारतात करप्रश्न उद्भवत नाही. घरी परतल्यावर महिनोन्‌महिने उशिराने ती आली, तर तो उद्भवू शकतो.

करारांतील भेद

अमेरिकेशी झालेल्या करारावर १२ सप्टेंबर १९८९ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. त्याच्या कलम २० नुसार खासगी निवृत्तिवेतन केवळ निवासाच्या देशात करपात्र असते. सोशल सिक्युरिटीचे लाभ मात्र केवळ ते देणाऱ्या देशात करपात्र असतात. म्हणजे परभणीत राहणाऱ्या माणसाला अमेरिकेतून मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटीवर भारताने कर घ्यावयाचा नाही. अमेरिका मात्र अनिवासी परकीय नागरिकाच्या लाभाच्या ८५ टक्के रकमेवर ३० टक्के, म्हणजे एकूण लाभाच्या २५.५ टक्के, कर कापते. ब्रिटनशी १९९३ च्या कराराखाली स्थिती वेगळी आहे. सरकारी सेवेतील निवृत्तिवेतन सोडल्यास भारतात राहणाऱ्याचे ब्रिटिश निवृत्तिवेतन केवळ भारतात करपात्र असते. त्यात ब्रिटनचे राज्य निवृत्तिवेतनही येते.

ब्रिटनच्या राज्य निवृत्तिवेतनाबाबत कराहून मोठा तोटा वेगळाच आहे. किमान दहा पात्र वर्षे भरलेल्यास ते भारतातही मिळते, परंतु भारतात राहणाऱ्यांची रक्कम दरवर्षी वाढविली जात नाही. ज्या आकड्यावर ते सुरू झाले, त्या आकड्यावर गोठते. २०२५-२६ साली नव्या योजनेतील पूर्ण दर आठवड्याला २३०.२५ पौंड होता. त्या वर्षी परभणीत बसून ते सुरू करणाऱ्याला दहा वर्षांनीही, तो भारतातच असेल तर, तोच आकडा मिळेल.

दरम्यान, दोन देशांत सामाजिक सुरक्षेची वर्गणी दुहेरी भरावी लागू नये यासाठी भारताने जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स, जपान, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आदी देशांशी करार केले आहेत. अमेरिकेशी असा करार नाही. तेथे चाळीस श्रेये, म्हणजे साधारण दहा वर्षे, पूर्ण न करता परतणाऱ्याची सोशल सिक्युरिटीतील वर्गणी लाभाविना तिथेच राहते.

शेतीचे उत्पन्न आणि विवरणपत्राचा गैरसमज

परभणीसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात या विषयाला एक खास वळण मिळते. भारतात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. त्यामुळे कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या विवरणपत्र भरण्याची वेळच आलेली नाही. परदेशातून येऊन वडिलोपार्जित शेती पाहू लागलेला माणूस या घरच्या सवयीत सहज मिसळतो. आपले उत्पन्न शेतीचे, परदेशी खाते तसेच पडून आहे, त्यातून काही काढलेले नाही, तर विवरणपत्र कशाला, असा त्याचा विचार असतो.

कायदा उलट सांगतो. पूर्ण अर्थाने निवासी असलेल्या व्यक्तीची भारताबाहेर कोणतीही मालमत्ता असेल, तर उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे. त्यातील अनुसूची एफए मध्ये खाते जाहीर करावे लागते. आरएनओआर व्यक्तीला हे बंधन नाही. अनुसूचीतील माहिती आर्थिक वर्षाची नव्हे, तर ३१ डिसेंबरला संपणाऱ्या कॅलेंडर वर्षाची द्यावयाची असते. वर्षातील सर्वोच्च शिल्लक आणि अखेरची शिल्लक स्टेट बँकेच्या तारखेनुसार असलेल्या खरेदी दराने रुपयांत मांडावी लागते.

या चुकीची किंमत खात्याच्या आकाराशी प्रमाणशीर नाही. १ जुलै २०१५ पासून लागू झालेल्या काळा पैसा (अघोषित परदेशी उत्पन्न व मालमत्ता) आणि करआकारणी अधिनियमानुसार परदेशी मालमत्ता जाहीर न केल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो, जरी त्या मालमत्तेवर एका रुपयाचाही कर चुकविलेला नसला तरी. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाख रुपयांपेक्षा अधिक नसल्यास हा दंड लागू होत नाही. त्याआधीची सूट केवळ ५ लाखांपर्यंतच्या बँक खात्यांपुरती होती. या सुधारणेने लहान खातेदारांना दिलासा मिळाला. परंतु दहा-बारा वर्षे नोकरी केलेल्याचे अमेरिकेतील निवृत्तिनिधी खाते सहज २० लाख रुपयांच्या पुढे जाते. हा अधिनियम आखताना डोळ्यांसमोर स्विस बँकांतील गुप्त ठेवी होत्या. पगारातून कापून, परदेशी सरकारच्याच नियमांनुसार साठविलेला पैसा त्याच जाळ्यात सापडतो, हे त्याच्यावरील आक्षेपांचे मूळ आहे.

शेतीच्या उत्पन्नाचा आणखी एक परिणाम दुर्लक्षित राहतो. परदेशी निवृत्तिवेतन मूळ करमुक्त मर्यादेपलीकडे गेले आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असले, तर शेतीचे उत्पन्न दर ठरविण्यापुरते एकत्र धरले जाते. शेतीवर कर लागत नाही, पण तिच्यामुळे निवृत्तिवेतन वरच्या टप्प्यात जाऊन त्यावरचा कर वाढतो. चांगला पाऊस झालेल्या वर्षी निवृत्तिवेतनावरील कर अधिक लागला, तर त्याचे कारण येथे शोधावे.

मूल्यांकनाची प्रक्रिया चेहराविरहित झाल्यापासून प्रश्न विचारणारा अधिकारी परभणीत नसतो, नोटीस ई-मेलवर येते आणि उत्तर संगणकावरून द्यावे लागते. तालुक्याच्या गावी कर सल्लागाराचा रोजचा व्यवहार आडत, जिनिंग, वस्तू व सेवा कर आणि पगारदारांची विवरणपत्रे यांभोवती फिरतो. प्रपत्र १०-ईई त्याच्यासमोर क्वचितच येते. फॉर्म निवडताना चूक तेथेच होते. आयटीआर-१ हे सोपे विवरणपत्र परदेशी मालमत्ता असणाऱ्याला वापरता येत नाही, तरी निवृत्त माणूस म्हटल्यावर हात त्याकडेच जातो.

माहितीची देवाणघेवाण आणि अलीकडील मोहीम

भारत आणि अमेरिका यांच्यात खात्यांची माहिती परस्परांस देण्याचा फॅटका करार ९ जुलै २०१५ रोजी झाला. इतर अनेक देशांशी २०१७ पासून सामायिक अहवाल मानकानुसार माहिती येऊ लागली. १६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परदेशी मालमत्ता जाहीर करण्याविषयी जनजागृती मोहीम सुरू केली आणि संशयित त्रुटी असलेल्यांना संदेश पाठविले. मंडळाने दिलेल्या माहितीनुसार २४,६७८ करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता व १,०८९.८८ कोटी रुपयांचे परदेशी उत्पन्न जाहीर केले. पुढील वर्षी अशीच मोहीम पुन्हा हाती घेण्यात आली. संदेश न येणे म्हणजे सर्व ठीक असणे, असा अर्थ मात्र घेता येत नाही. सामायिक मानकात ठरावीक अटी पाळणारी निवृत्तिवेतन खाती माहितीच्या देवाणघेवाणीतून वगळलेली आहेत. जाहीर करण्याच्या बंधनातून ती वगळलेली नाहीत.

१९६१ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या प्राप्तिकर अधिनियम, २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘मागील वर्ष’ व ‘करनिर्धारण वर्ष’ यांऐवजी ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. कलम ८९ए मधील सवलत नव्या अधिनियमात कायम ठेवण्यात आली.

परभणीतून परदेशी जाणारे निवृत्त

उलट दिशेचा प्रवास करणाऱ्यांत राज्य शासनाचे व जिल्हा परिषदेचे निवृत्त कर्मचारी, प्राध्यापक आणि शिक्षक येतात. सहा महिन्यांच्या भेटीसाठी गेलेल्या आईवडिलांचा प्रश्न वेगळा आणि ग्रीन कार्ड घेतलेल्यांचा वेगळा. ग्रीन कार्ड मिळताच व्यक्ती सर्वसाधारणपणे अमेरिकेची कर-निवासी होते आणि तिचे जगभरचे उत्पन्न तेथे करपात्र होते. १९८९ च्या कराराच्या कलम १९ नुसार शासकीय सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन केवळ ते देणाऱ्या देशात करपात्र असते. परंतु त्याच कराराच्या कलम १ मधील राखीव तरतुदीमुळे अमेरिकी नागरिक आणि स्थलांतरिताचा दर्जा असलेल्यांना अमेरिकेविरुद्ध या कलमाचा आधार घेता येत नाही. परभणीच्या कोषागारातून सुटणारे निवृत्तिवेतन त्यामुळे अमेरिकी विवरणपत्रातही दाखवावे लागते. भारतात कर भरलेला असल्यास त्याचे श्रेय तेथे मागता येते.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे व्याज भारतात करमुक्त आहे, अमेरिकेत त्याला तशी मुक्तता नाही. भारतातील सर्व वित्तीय खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात एकदाही १० हजार डॉलरच्या वर गेली, तर अमेरिकेच्या अर्थखात्याला एफबार अहवाल द्यावा लागतो. परभणीतील मुदत ठेव, बचत खाते आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेले उपदान मिळून ही मर्यादा बहुतेक निवृत्त शिक्षकांच्या घरी ओलांडली जाते. मुलाने आईच्या किंवा वडिलांच्या खात्यात सोयीसाठी स्वतःचे नाव जोडलेले असेल, तर ते खाते त्याच्याही अहवालात येते. अमेरिकेत स्थायिक मुलांना याची माहिती असते, पण गावच्या बँकेतील संयुक्त खाते त्यांना ‘परदेशी खाते’ वाटत नाही.

वारसा

खातेदाराच्या मृत्यूनंतर परभणीतील पत्नी किंवा मुले नामनिर्देशित म्हणून पुढे येतात. भारतात मृत संपदा शुल्क १९८५ साली रद्द झाले, त्यामुळे वारशाने आलेल्या मूळ रकमेवर तसा कर नाही. अमेरिकेत मात्र अनिवासी परकीय नागरिकाच्या तेथील मालमत्तेवर संपदा कर आहे आणि त्यातून केवळ ६० हजार डॉलरपर्यंतची मालमत्ता सुटते. त्यापुढील दर ४० टक्क्यांपर्यंत जातात. अमेरिकी नागरिक व तेथे कायमचे वास्तव्य असणाऱ्यांना मिळणारी कोट्यवधी डॉलरची सूट परतून आलेल्याला लागू होत नाही, आणि संपदा कराविषयी भारत-अमेरिका करार नाही.

वारसाच्या नावावर खाते आले की अनुसूची एफए भरण्याचे बंधन त्याच्याकडे येते. कधी देशाबाहेर न गेलेली, कधी विवरणपत्र न भरलेली पाथरी किंवा पालम तालुक्यातील विधवा अशा रीतीने परदेशी मालमत्तेची धारक होते. खाते असल्याचे तिला ठाऊकच नसेल, तर दाव्याची कागदपत्रे, मृत्यूचा दाखला व त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, अमेरिकी करक्रमांक आणि कर कपातीविषयीचे डब्ल्यू-८बेन हे प्रपत्र हा सारा प्रवास पतीच्या जुन्या ई-मेलमधून किंवा कपाटातील एखाद्या वार्षिक विवरणातून सुरू होतो.